कलावतीबाईंच्या घराखालचं घर

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, लाखो वर्षं रानोमाळ भटकणाऱ्या माणसानं शिकार सोडली, एका जागी बूड टेकलं, धान्य पेरलं, घर बांधलं आणि संस्कृतीच्या दिशेनं जी वाटचाल सुरू केली, ती वाटचाल अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात तब्बल अकरा दिवस अडकून पडली होती. अडथळा एका घरकुलाच्या पायाचा होता. आता मार्ग मोकळा झाला आहे, तरी कुणी घाबरून जाऊ नये. या खोळंब्याला जबाबदार असलेल्या इसमाचा कबुलीजबाब खाली देत आहोत. इसम म्हणजे मी.

मी पुरातत्त्व खात्यात आरेखक आहे. जमिनीतून जे निघतं त्याचं मापात चित्र काढणं हे माझं काम. लातूरला आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. मी त्या गादीवर बसावं अशी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, इच्छा. मी चित्रकलेचा डिप्लोमा करून खात्यात चिकटलो. पहिल्याच मोसमात अप्पा उत्खनन बघायला आले. चटयांवर खापरांचे ढीग वाळत पडले होते. त्यांनी काठीनं एक खापर उलटं केलं आणि म्हणाले, "आपल्या दुकानात एवढी भांडी फुटली असती तर मी तुला घराबाहेर काढलं असतं. हितं तुला नोकरी देऊन राहिले?"

पण खापराची गंमत मी त्यांना दाखवली. मडक्याच्या काठाचा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा. कागदावर एकात एक अशी वर्तुळं काढलेली असतात, त्यांच्यावर तो ठेवायचा. ज्या वर्तुळाशी काठ जुळेल तेवढं मडक्याचं तोंड. तुकडा खाली कसा वळतो त्यावरून पोट किती सुटलेलं ते कळतं. अर्ध्या तासात कागदावर अख्खा रांजण उभा. अप्पांनी चित्र लांब धरून बघितलं. "बुडाला थोडं सपाट कर," म्हणाले, "नाहीतर लवंडंल." चाळीस वर्षं भांडी विकलेला माणूस तो. पुढं बुडाचा तुकडा सापडला, तो सपाटच होता.

माणूस रानातून गावात कसा आला, असं लोक मला नेहमी विचारतात. मी छोटं करून सांगतो. लाखो वर्षं माणूस नदीकाठचे गोटे फोडून हत्यारं करत हिंडला. मग हत्यारं बारीक होत गेली, नखाएवढी पाती लाकडात बसवून बाण झाले, विळे झाले. मग कुणीतरी मूठभर दाणे खायच्या ऐवजी पेरले. पेरले म्हणून राखत बसावं लागलं. बसायचं म्हणजे सावली आली, सावलीची भिंत झाली, भिंतीच्या आत चूल, चुलीवर मडकं, मडक्यासाठी कुंभार, कुंभाराला द्यायला धान्य, धान्य मोजायला माणूस, त्या माणसावर राजा, आणि शेवटी तलाठी. हे सगळं व्हायला हजारो वर्षं लागली. मी ते अडीच मिनिटांत सांगतो, आणि हातवारे करून सांगतो. माझं अर्धं दुखणं या हातवाऱ्यांत आहे.

याची पहिली सूचना मला अर्धापूरला मिळाली होती. तिथं एका केळीच्या व्यापाऱ्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक काळा दगड ठेवलेला होता. मी चहा प्यायला गेलो आणि कप हातातच राहिला. दोन्ही बाजूंनी कपच्या काढून बदामाच्या आकाराला आणलेली कुऱ्हाड होती ती. मुठीत धरायची, बिनदांड्याची. मी उभा राहिलो आणि पंधरा मिनिटं बोललो. हत्ती आले, गेंडे आले, गुहा आल्या. वजनकाट्यावरचे हमालसुद्धा काम सोडून ऐकायला आले.

व्यापारी सगळं ऐकून म्हणाला, "म्हंजे हे त्या माणसाचं हाय?"

"हो."

"मी ह्याच्यानं तेलाचे डबे फोडून राहिलो की इतके दिवस."

मी खात्याला रीतसर कळवलं. पंधरा दिवसांनी ती कुऱ्हाड ताब्यात घ्यायला गेलो, तर ती टेबलावर नव्हती. पाटावर होती, शेंदूर फासलेली, समोर उदबत्ती. हमाल पाया पडून कामाला लागत होते. ती परत मिळवायला मला आठ खेपा माराव्या लागल्या. माझ्या तोंडानं वस्तूंचं काय होतं, हे मला तिथंच कळायला हवं होतं.

आता मूळ गोष्ट. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी गाड्या भरून लोक जातील आणि कलावतीबाईंना चहा करत बसावं लागेल.

मन्याड नदीच्या बाजूचं गाव. आमच्याकडं शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. हा नुसता बोलण्यातला भेद नाही. शेताची माती काळीच असते. पण जिथं माणसं शेकडो वर्षं राहतात, घरं पडतात, त्यांच्यावर पुन्हा घरं उठतात, चुलींची राख मिसळत जाते, तिथली माती खरोखर पांढुरकी होते आणि तिची टेकडी बनते. आम्हाला अशी टेकडी दिसली की तोंडाला पाणी सुटतं. गावालाही सुटतं, पण वेगळ्या कारणानं. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांवर पसरायला हीच पांढरी माती लागते. पाणी धरत नाही. त्यामुळं आजा-पणजांपासून लोक पावसाळ्याआधी टेकडी खणतात आणि टोपल्या भरून माती घरावर नेतात. म्हणजे आमचा अख्खा प्राचीन इतिहास या भागात लोकांच्या डोक्यावर पसरलेला आहे, आणि त्याखाली ते सुखानं झोपतात.

कलावतीबाई त्या टेकडीच्या उतारावर राहतात. वय साठच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गावच्या शाळेत खिचडी शिजवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचं माळवद पावसात खचलं. तेव्हापासून पत्र्याच्या आडोशाला राहत होत्या. घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव आठ वर्षं होतं. दर वर्षी यादी लागायची, दर वर्षी त्या जाऊन बघायच्या, दर वर्षी नाव थोडं वर सरकायचं. यंदा मंजूर झालं. पाया खणायला घेतला आणि हातभर खोलीवर कुदळ एका रांजणाला लागली. कुणीतरी तालुक्याला कळवलं. काम थांबलं आणि आम्ही पोचलो.

आम्ही म्हणजे तिघं. मॅडम, ज्या या उत्खननाच्या प्रमुख. लातूरच्या शिक्षकांच्या घरातल्या, अत्यंत हुशार, आणि कुठलीच गोष्ट ठामपणे न सांगणाऱ्या. समोर हत्ती उभा राहिला तरी "असू शकतो" म्हणतील. दुसरे नागोराव. उमरीचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, वीस मोसम माझ्याबरोबर खणलेले. कुदळीच्या आवाजावरून थर बदलल्याचं सांगतात. मला साहेब म्हणतात, पण असं म्हणतात की आजूबाजूचे हसतात. तिसरा मी.

पहिल्याच दिवशी कलावतीबाई किटली घेऊन आल्या. चहा ओतता ओतता त्यांनी मुद्दा मांडला.

"मॅडम, महिना संपायच्या आत पाया भरून माझा फोटू वर चढला न्हाई, तर नाव खाली जातंय म्हणं. किती दिवस खणणार तुम्ही?"

"दहाबारा दिवस लागू शकतात."

"काही घावलं तर?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी चहाकडं. खरं उत्तर असं होतं की महत्त्वाचं काही सापडलं तर जागा संरक्षित होऊ शकते आणि मग तिथं वीटसुद्धा ठेवता येत नाही. मॅडमनी ते तसंच, न लपवता सांगितलं.

"म्हंजे तुमाला घावलं तर माझं घर गेलं," कलावतीबाई म्हणाल्या. "आन न्हाई घावलं तर तुमची मेहनत गेली." त्यांनी किटलीचं झाकण लावलं. "मी तर बाबा रोज देवाला सांगणार, ह्यांना काई सापडू देऊ नको."

आणि दुसऱ्या दिवसापासून रोज चहाही आणला. माझ्या आयुष्यात मी एवढ्या मोकळ्या मनाचा विरोधक बघितला नाही.

रांजण फार जुना नव्हता. चारपाचशे वर्षांचा असेल. गाव आनंदलं. चौथ्या दिवशी मात्र पांढऱ्या मातीत एक काळसर गोल दिसला, चार हात रुंद, कंपासनं काढल्यासारखा. म्हणजे कुणीतरी कधीतरी खड्डा खणला होता आणि तो नंतर भरला गेला होता. कडेची माती भाजून लाल झालेली, आतून लिंपलेली. हातभर खाली गेलो तर जळून कोळसा झाल्यासारखे दाणे. मॅडमनी भिंगातून बघितलं.

"ज्वारी दिसते. इतक्या जुन्या थरात ज्वारी? जरा थांबू या. आणि तुम्ही," माझ्याकडं वळून, "कुणाशी काही बोलू नका."

एवढं सांगून त्या कागदपत्रांसाठी अहमदपूरला गेल्या. तो बाजाराचा दिवस होता. परतणारी माणसं खड्ड्याभोवती जमली. पन्नाससाठ असतील. एकानं विचारलं, "साहेब, काय घावलं?"

मी गप्प राहणार होतो. शपथेवर सांगतो. पण साठ माणसं वर्तुळात उभी, मध्ये खड्डा, उन्हं कलती, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. अशी रंगभूमी मला लातूरच्या गॅदरिंगनंतर मिळालेली नव्हती. मी मातीच्या ढिगावर चढलो.

"मंडळी," मी म्हणालो, "तुम्ही उभे आहात ती जागा साधी नाही. लाखो वर्षं माणूस आज मिळालं ते आज खात होता. आणि इथं, या खड्ड्याच्या काठावर, कुणीतरी पहिल्यांदा उद्याचा विचार केला. त्यानं धान्य पुरून ठेवलं. हे कोठार नाही मंडळी, ही माणसाची पहिली आशा आहे. तीन हजार वर्षांपूर्वीची."

टाळ्या झाल्या. चारपाच जणांनी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. मी ढिगावरून उतरलो तेव्हा जमिनीपासून वीतभर वरच चालत होतो. कलावतीबाई शाळेची मोठी पातेली घासून, ओले हात पदराला पुसत येऊन उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"नक्शेवाले," त्या म्हणाल्या. मी नकाशे काढतो म्हणून हे नाव. "लई झाक बोलले तुम्ही. त्या माणसानं उद्याचा इचार केला म्हणं. मग माझ्या उद्याचं काय केलं तुम्ही?"

 मी चपला शोधल्या.

संध्याकाळपर्यंत माझं भाषण तालुक्यात सगळ्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना वरून फोन आला. जागेला हात लावू नका, संरक्षणाचा प्रस्ताव पाठवा. मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आता हे माझ्या हातात राहिलेलं नाही." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नागोरावांनी त्यांच्या पद्धतीनं समाचार घेतला. दुपारी भाकरी खाताना म्हणाले, "साहेब, देवानं तुमाला हात चांगला दिला. तोंड मात्र दुसऱ्याच्या मापाचं बसवलं."

प्रस्तावासाठी खड्डा पूर्ण रिकामा करून त्याचं चित्र काढणं भाग होतं. नागोराव आत उतरले आणि दोन दिवस टोपल्या वर येत राहिल्या. ज्वारी, राख, काडाचा भुसा. मी काठावर बसून मापं घेत होतो आणि प्रत्येक टोपलीबरोबर एका बाईच्या घराची एकेक वीट मीच काढतोय असं वाटत होतं. चहा येत होता. पण आता ठेवून लगेच जात होत्या त्या.

सातव्या दिवशी, पुरुषभर खोलीवर, नागोरावांची कुदळ थांबली. आतून आवाज आला.

"साहेब."

"काय?"

"आदिमानवाकडं घासलेट व्हतं का?"

"काय बोलून राहिले नागोराव?"

त्यांनी हात वर केला. हातात कंदिलाचं पितळी बर्नर होतं. वात वर-खाली करायच्या फिरकीसकट.

वाचकहो, शास्त्रज्ञाला पुरावा उलटा निघाल्याचं दुःख होतं म्हणतात. मी त्या मातीच्या ढिगावर, जिथं भाषण केलं होतं तिथंच, नाचलो. बर्नर घेऊन नाचलो. मॅडम आल्या, त्यांनी बर्नर उलटसुलट करून बघितलं आणि पहिल्यांदा एक ठाम वाक्य बोलल्या. "हे पेव आहे."

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. आत जाळ करून भिंती भाजायच्या, लिंपायच्या, काड पसरून ज्वारी भरायची आणि तोंड बंद करून वर माती ओढायची. वर्षानुवर्षं बंद राहिली की ज्वारी काळी पडून कोळशासारखी होते. निजामाच्या काळात सरकारी लेव्हीपासून, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीपासून, धान्य वाचवायला पुष्कळांनी अशी पेवं गुपचूप केली. इतकी गुपचूप, की पुढच्या पिढीला पत्ताच नसे. माझ्यासारखा भांड्यांच्या दुकानदाराचा शहरी मुलगाच असं पेव बघून तीन हजार वर्षं मागं उडी मारू शकतो.

कलावतीबाईंना शाळेतून बोलावलं. बर्नर बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं बाई. सासूबाई मला हितं जातं मांडू देत नव्हत्या. 'जमीन पोकळ हाय' म्हणायच्या. मला वाटायचं उगं सासुरवास करून राहिल्या."

म्हणजे माणसाची ती पहिली आशा कलावतीबाईंच्या सासऱ्यांची होती. त्या दिवशी चहाबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आली. आम्ही सगळे पोट भरून हसलो. मी जास्त हसलो, कारण मी जास्त घाबरलो होतो.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज एवढा खूश नसतो, हे नंतर कळलं.

आठव्या दिवशी पेवाच्या भिंतीचं शेवटचं चित्र काढायचं राहिलं होतं. सासऱ्यांनी पेव खणताना जुने थर सरळ कापले होते, केक कापावा तसे. मी शिडीवरून उतरलो, भिंत खुरपीनं हलकेच साफ केली, दोरी बांधली, आणि पेन्सिल टेकवणार एवढ्यात मागच्या बाजूला, कंबरेच्या उंचीवर, एक रेघ दिसली. काळी, घट्ट चोपलेली माती. तिच्यावर पांढुरक्या मातीचे पातळ पातळ पापुद्रे, एकावर एक, पुस्तकाची पानं कडेनं दिसावीत तसे. मी मोजले. बारा. रेघ जिथं थोडी खाली वाकली होती तिथं माती भाजून विटेसारखी लाल झालेली, आणि त्यात राख. शेजारी एक खापर अडकलेलं, तांबडं, वर काळ्या रंगाच्या आडव्या रेघा.

मला ते खापर ओळखायला वर्तुळं लागली नाहीत. अशी भांडी या भागात पहिल्या शेतकऱ्यांनी केली. जमीन चोपून घर केलं, आणि बारा वेळा सारवलं. सासऱ्यांच्या पेवानं त्या घराचा एक तुकडा खाल्ला होता. बाकीचा तुकडा भिंतीत शिल्लक होता. मी चौथ्या दिवशी ढिगावरून जे खोटं बोललो होतो, ते चार हात बाजूला खरं होतं.

नागोराव वरून बघत होते. त्यांनाही दिसलं. वीस मोसम केलेल्या माणसाला दिसणारच. माझ्या हातात खुरपी होती. चार फटकारे, आणि ती रेघ पेवाच्या मातीत मिसळून गेली असती. कलावतीबाईंचं घर झालं असतं. कुणाला कधी कळलं नसतं.

"साहेब," नागोराव सावकाश म्हणाले, "मला आजकाल लई कमी दिसून राहिलं. मोतीबिंदू असंल." आणि ते तोंड फिरवून बिडी शोधायला लागले.

मी खुरपी धरून उभा राहिलो. मोठे विचार मनात आले असं काही नाही. फक्त हात वळेना. पंचवीस वर्षं हाताला एकच शिकवलंय, दिसतं ते काढायचं. तोंडाला काही शिकवलं नाही, हे खरं. मी खुरपी खाली ठेवली आणि पेन्सिल उचलली. बाराच्या बारा पापुद्रे काढले. मग वर येऊन मॅडमना दाखवलं. त्यांनी कागदावरचे पापुद्रे बोटानं मोजले. "असू शकतं" म्हणाल्या नाहीत.

कलावतीबाईंना सांगायला मी एकटा शाळेत गेलो. ही सजा मी स्वतःच मागून घेतली होती. त्या मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत होत्या.

"बाई, यावेळी खरंच सापडलं."

त्यांचं उलथनं थांबलं. "भाषण केलं का?"

"नाही. आधी तुमच्याकडं आलो."

त्यांनी खिचडी उतरवली, मुलांना वाढली, हात धुतले आणि माझ्याबरोबर आल्या. शिडीवरून पेवात उतरल्या. मी त्यांना रेघ दाखवली आणि समजावून सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ही चूल हाय," त्या म्हणाल्या. बोट न लावता त्यांनी लाल मातीवरून हात फिरवल्यासारखा केला. "हे तोंड. उगवतीला केलंय. मावळतीचा वारा चुलीत शिरू नये म्हून. शानी व्हती." मग पापुद्र्यांकडं वळल्या. "हे सारवलेलं. सणाला एकदा धरा. बारा दिवाळ्या राहिली ती हितं." आणि मग नाक भिंतीला लावून बघत म्हणाल्या, "हितं मात्र हात फिरवला न्हाई. हा कोपरा कोराच सोडलाय."

मी पुढं वाकलो. खरंच, एका ठिकाणी बाराही थर एकदम तुटले होते. मी चित्रात ते काढलं होतं, पण मला त्यात काही दिसलं नव्हतं.

"इथं काहीतरी ठेवलेलं असू शकतं," मॅडम वरून म्हणाल्या.

"असू शकतं काय मॅडम, व्हतंच. जड रांजण. सारवताना कोण हालवतंय? मीबी न्हाई हालवत."

आम्ही वरून त्या जागेची हातभर माती काढली. खाली मडक्याच्या बुडाचा गोल ठसा होता. बूड सपाट. मला अप्पा आठवले.

चुलीच्या राखेत बारीक चपटे दाणे होते. कलावतीबाईंनी विचारलं, "काय शिजवीत व्हती?"

"हुलगे," मॅडम म्हणाल्या.

"मग पातळ माडगं केलं असंल पाजायला. लेकरू आजारी असंल घरात."  मग वर बघून म्हणाल्या, "मॅडम, हिच्या डोक्यावर माझी भिंत येऊ नये, एवढंच ना?"

"हो. पण नियम असा आहे की..."

"नियम राहू द्या. ही मागल्या अंगाला हाय. माझं घर चार हात म्होरं घ्या. म्होरं अंगण कमी व्हईल. मागं परसू राहील, तितं ती राहील."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या काय म्हणणार ते मला कळलं. जुन्या घराचा तुकडा मागच्या पट्टीतच उरलाय आणि पुढं काहीच नाही, हे कागदावर सिद्ध करावं लागणार होतं. मी दीड दिवस पुढच्या जागेत चाचणीचे खड्डे घेत, मापं घेत, रेघा ओढत बसलो. पुढं खरंच काही नव्हतं. माळवदासाठी माती नेताना गावानं तेवढा भाग खोलवर खाऊन टाकला होता आणि खड्ड्यांत कचरा भरला होता. तुटक्या चपला, बांगड्यांचे तुकडे, सायकलची घंटी. वस्तू सापडल्याचे मी शेकडो नकाशे काढलेत. काहीच नसलेल्या जागेचा नकाशा एवढ्या प्रेमानं मी पहिल्यांदाच काढला. सायकलच्या घंटीवर तर मी छाया-प्रकाशसुद्धा दाखवला.

मॅडम तो नकाशा घेऊन स्वतः तालुक्याला गेल्या. मला मोटारीत घेतलं नाही, आणि ते योग्यच होतं. दुपारी वरच्या मंजुरीचा कागद घेऊन परतल्या. मागची पट्टी नोंदवून, वाळू भरून झाकायची. पुढं बांधायला हरकत नाही. नागोरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू गेला बगा माझा." कलावतीबाई तिथंच मातीवर बसल्या. त्या रडल्या नाहीत. फक्त पाय लांब केले, बऱ्याच दिवसांनी काम संपल्यासारखे.

गावानं रात्रभर हात लावला आणि अकराव्या दिवशी पुढच्या बाजूला नवीन पाया भरून तयार झाला. महिन्याचा तो शेवटचा दिवस. मागं पेव आणि चूल अजून उघडी होती, वाळूचा ढीग शेजारी पडला होता. वाळू टाकायच्या आत मला एक रंगीत चित्र करायचं होतं. तेवढ्यात घरकुलाचा इंजिनियर मोटरसायकलवरून आला. तरुण, घाईत, हातात मोबाईल. लाभार्थीला पायाजवळ उभं करून फोटो काढायचा, तो तिथूनच वर चढवायचा, की झालं.

कलावतीबाई नवीन लुगडं नेसून आल्या होत्या. पायाच्या कडेला उभ्या राहिल्या. इंजिनियरनं मोबाईल धरला, मग खाली केला.

"मावशी, मागं तो खड्डा दिसतोय. थोडं इकडं सरका. फोटोत फक्त तुम्ही आणि पाया पाहिजे. यादीतलं नाव, आणि माणूस."

कलावतीबाई सरकल्या नाहीत. त्यांनी मागं वळून त्या उघड्या चुलीकडं बघितलं, मग इंजिनियरकडं, आणि आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाल्या,

"आदी तिचा काढा, सायेब. तिचं नाव माझ्या आदीपासून यादीत हाय."